एपी जपानी : मुलीला शिकवणी कुणाची लावू? शेजारच्या जपानी बाईंची की पुण्यातल्या सेन्सेईंची?

मोगरीचा_वेल | १४ ऑक्टोबर २०२३

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहतो. गाड्यांच्या कंपन्यांमुळे आमच्या भागात जपानी कुटुंबं पुष्कळ आहेत. लेकीची अगदी जिवाभावाची मैत्रीण जपानीच होती, तिच्या नादाने लेकीने आठवीत जपानी घेतलं. मैत्रीण दोन वर्षांपूर्वी आईवडिलांबरोबर नागोयाला परत गेली, पण लेकीचं जपानी सुटलं नाही. आता ती अकरावीत आहे आणि मे २०२४ मध्ये एपी जपानीची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची, परीक्षा द्यायची म्हणते.

अडचण अशी की शाळेत जपानीची चौथी पातळी आणि एपी एकाच खोलीत, एकाच तासाला बसवलेत. बावीस मुलांत एपीची पाच. बाई जीव तोडून शिकवतात, पण त्या तरी किती पुऱ्या पडणार! लेकीचं लिखाण चांगलं आहे, कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) पाठ आहेत, व्याकरणाच्या चाचण्यांत नव्वदच्या खाली ती येत नाही. गेल्या रविवारी तिने संभाषणाचा एक नमुना प्रश्न घरी सोडवून पाहिला. उत्तराला वीस सेकंद असतात. त्यातले निम्मे "एतो... एतो..." म्हणण्यात गेले, एक वाक्य सुरू झालं आणि वेळ संपल्याचा आवाज आला. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आई, मला येतं गं. पण तोंडातून बाहेरच येत नाही." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

दोन पर्याय समोर आहेत. दोन गल्ल्या सोडून एक जपानी बाई राहतात. ताशी ४५ डॉलर, समोरासमोर बसून. शिकवण्याचा अनुभव नाही. दुसऱ्या आहेत पुण्यातल्या एक सेन्सेई, म्हणजे जपानीच्या शिक्षिका, वीस वर्षं शिकवताहेत, ताशी ८०० रुपये, ऑनलाइन. आमची शनिवारची रात्र म्हणजे त्यांची रविवारची सकाळ. भीती एवढीच की त्यांचे सगळे विद्यार्थी जेएलपीटीचे (जपानी भाषेची दुसरी एक परीक्षा), एपी त्यांनी कधी शिकवलेली नाही.

कुणी या वाटेने गेलं असेल तर मनापासून सांगा.

कोकणकडा | १४ ऑक्टोबर

वाचतोय. माझा मुलगा नववीत आहे, जपानीचं दुसरं वर्ष. दोन वर्षांनी हाच प्रश्न आमच्या घरी येणार.

हिरवी_मिरची | १४ ऑक्टोबर

माझ्या मुलाने २०२१ मध्ये दिली होती, आम्ही सॅन होजेच्या बाजूला असतो. मोगरीचा_वेल, शिकवणी कुणाचीही लावा, पण आधी ही परीक्षा नेमकी काय मागते ते तुम्ही स्वतः बघा. आम्ही ते फेब्रुवारीत बघितलं आणि चार महिने फुकट गेले.

सगळी परीक्षा संगणकावर असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारांना सारखे पंचवीस-पंचवीस टक्के. ऐकण्याचे तीस-पस्तीस प्रश्न वीस मिनिटांत, वाचण्याचे पस्तीस-चाळीस एका तासात, दोन्ही पर्यायी उत्तरांचे. तिथे तुमची लेक तरून जाईल.

खरी कसोटी पुढच्या अर्ध्यात. लिहिण्यात आधी मजकुरी गप्पा : पलीकडून सहा संदेश येतात, प्रत्येकाला दीड मिनिटात वाचून, समजून, टंकून उत्तर. मग वीस मिनिटांत एक लेख, दोन गोष्टींची तुलना करायची, तीनशे ते चारशे अक्षरं किंवा जास्त. दोन्हींतलं साम्य आणि फरक दाखवायचे आणि तुम्हाला काय आवडतं, का आवडतं तेही सांगायचं. बोलण्यात चार प्रश्नांचं संभाषण, वीस-वीस सेकंदांचं, आणि शेवटी जपानी संस्कृतीतल्या एखाद्या विषयावर दोन मिनिटांचं भाषण. तयारीला मिळतात चार मिनिटं. त्यात किमान पाच मुद्दे, प्रस्तावना, स्वतःचं मत आणि समारोप.

यातल्या प्रत्येक कामाला शून्य ते सहा असे गुण असतात. आधीच्या वर्षांचे प्रश्न, मुलांची प्रत्यक्ष उत्तरं, त्यांच्या आवाजाच्या फिती आणि "याला चार का, याला सहा का" याची टिपणं ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जी व्यक्ती हे वाचायला तयार नाही तिला शिकवणीला ठेवू नका, मग ती टोकियोची असो की टिळक रोडची.

शंकेखोर_पाहुणा | १५ ऑक्टोबर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. अकरावी हे अमेरिकेत सगळ्यात महत्त्वाचं वर्ष. जपानीच्या एका परीक्षेसाठी आठवड्याचे तीन-चार तास आणि शेकडो डॉलर घालवण्यापेक्षा ते गणिताला किंवा भौतिकशास्त्राला द्या. भाषा काय, पुढेही शिकता येते. आणि आकडे पाहिलेत का? एपी जपानीत पाचपैकी पाच मिळवणाऱ्यांचं प्रमाण खूप मोठं आहे. सगळ्यांनाच मिळत असेल तर विद्यापीठं त्याला काय किंमत देणार?

हिरवी_मिरची | १५ ऑक्टोबर

शंकेखोर, त्या आकड्यांत एक मेख आहे. ही परीक्षा देणाऱ्यांत घरी जपानी बोलणारी मुलं भरपूर असतात. म्हणूनच कॉलेज बोर्ड दोन गट वेगळे दाखवतं. जी मुलं घरी जपानी बोलत-ऐकत नाहीत आणि जपानमध्ये महिनाभरसुद्धा राहिलेली नाहीत, त्यांचा गट निराळा. त्या गटात पाच मिळवणं अजिबात सोपं नाही. मोगरीचा_वेल यांची लेक त्या गटातली. एकूण आकडे पाहून तिला "एवढं सोपं तुला जमत नाही?" असं कुणी चुकूनही म्हणू नका. आमच्या घरी हे झालंय, म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

तळ्याकाठी | १५ ऑक्टोबर

मी पुण्यात सोळा वर्षं जपानी शिकवते. धागा वाचून राहवलं नाही. आधी आमच्या बाजूची उणीव सांगते.

जेएलपीटी १९८४ पासून आहे, २०१० पासून तिच्या एन ५ ते एन १ अशा पाच पातळ्या झाल्या. तिच्यात बोलणं नाही आणि लिहिणंही नाही, सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. पुण्यात जपानी शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण नोकरीसाठी ही परीक्षा देतो, त्यामुळे आमचं शिकवणं तिच्याकडे झुकलंय. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचे पन्नास धडे, शब्द, व्याकरण, कांजी, वेळ लावून सराव. एन ३ झालेला मुलगा समोर जपानी माणूस आला की गप्प बसतो, हे मी दरवर्षी बघते. तेव्हा मोगरीचा_वेल, तुमची भीती खरी आहे.

आता दुसरी बाजू. मराठी मुलीला जपानी मराठीतून समजावलं तर काही दारं धाडकन उघडतात, आणि ती इंग्रजीतून उघडत नाहीत. वाक्याची रचना तीच, क्रियापद शेवटी. शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून. पण खरी गंमत जोडक्रियापदांत आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणं. 'मिरु' म्हणजे पाहणंच! 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं, 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'योन्दे मिसेरु' म्हणजे वाचून दाखवणं. 'मोत्ते कुरु' घेऊन येणं, 'मोत्ते इकु' घेऊन जाणं. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला यातल्या एकेकासाठी नियम पाठ करावा लागतो. मराठी मुलगी ते जन्मल्यापासून बोलतेय.

अडतात कुठे तेही सांगते. 'वा' आणि 'गा' या शब्दयोगी अव्ययांचा फरक. आणि देणं : मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. आपल्याकडे दोन्हीला 'देणं'च, म्हणून हमखास चूक. तिसरं, 'तू/तुम्ही'ला 'आनाता' ठोकून देणं. जपानीत समोरच्याला नावाने, 'सान' लावून बोलतात. ऊठसूट 'आनाता' म्हटलं की ते तुटक आणि उर्मट लागतं.

तुमच्या सेन्सेईंना सरळ विचारा : तासात मुलगी किती बोलणार आणि तुम्ही किती?

ओसरी | १५ ऑक्टोबर

तळ्याकाठी ताई, 'खाऊन पाहणं' वाचून अंगावर काटा आला. चार वर्षं ओसाकात काढली, कंपनीने शिकवलेलं जपानी इंग्रजीतूनच शिकलो. हे कुणी सांगितलंच नाही!

पाटीपेन्सिल | १६ ऑक्टोबर

थोडं अवांतर. जपानी मुळाक्षरांचा क्रम बघा : अ इ उ ए ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्या अभ्यासातून ही मांडणी जपानीत आली. आजच्या 'हा'च्या जागी पूर्वी 'पा' उच्चार होता. तो ठेवून म्हणा, म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व ही आपली वर्णमाला कानात वाजायला लागते. माझ्या भाचीला हिरागानाचा, म्हणजे या मुळाक्षरांचा, तक्ता असा शिकवला, दोन दिवसांत क्रम पाठ.

कांदेपोहे | १६ ऑक्टोबर

आणि 'त्सु'! अमेरिकन मुलं 'सुनामी' म्हणतात. आपण 'चूक', 'चमचा', 'चाक' म्हणताना जीभ जिथे लावतो तिथेच 'त्सु' आहे. आजीने दटावलं की 'चूक झाली म्हण', तेव्हाच आपला जपानीचा पहिला तास झाला. :)

ओसरी | १६ ऑक्टोबर

:) आणि नादशब्द? तारे लुकलुकतात ते 'किराकिरा', भूक लागली की पोट 'पेकोपेको'. ज्या भाषेत झुळझुळ, खळखळ, लखलख आहे तिला हे उसनं वाटतच नाही.

कांदेपोहे | १६ ऑक्टोबर

आपल्या पोटात कावळे ओरडतात, त्यांच्या पोटात पेकोपेको. कावळ्यांना बोलवायला आमची मिसळ पुरेशी आहे.

शंकेखोर_पाहुणा | १६ ऑक्टोबर

गप्पा छान, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. उपयोग काय?

सायंतारा | १७ ऑक्टोबर

मी उत्तर देते, कारण मी स्वतः दिलीय. मी एकोणीस वर्षांची आहे, लॉस एंजेलिसजवळ वाढले, मराठी घरचं, जपानी शाळेतलं. मराठी लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

एपीच्या गुणांवर विद्यापीठाने मला जपानीच्या वरच्या वर्गात बसवलं. किती श्रेयांक देतात ते प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं, ते आधी बघून घ्या. कॅलिफोर्नियात पदविकेवर द्विभाषिक असल्याची मोहोर मिळते, ती मिळवायच्या मार्गांत एपीमध्ये तीन किंवा वर हा एक मार्ग आहे. पूर्वी सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचीही एक जपानी विषय-परीक्षा होती, ती २०२१ मध्ये बंद झाली, त्यामुळे शाळेतल्या मुलांना आता दाखवायला फार काही उरलेलं नाही. पण काका, मी यासाठी दिली नव्हती. जी गोष्ट मी शाळेत सगळ्यात मन लावून शिकले तिच्यात मी कुठवर आलेय ते मला बघायचं होतं.

मोगरीचा_वेल काकू, तुमच्या मुलीचं वाक्य मी माझ्या आईला म्हटलं होतं. जवळजवळ हेच शब्द. मला ज्याने फरक पडला ते सांगते. भाषणाच्या चार मिनिटांत मी पूर्ण वाक्यं लिहायचे आणि दोन मुद्द्यांतच वेळ संपायचा. माझ्या शिकवणीच्या दादाने वाक्यं लिहायला बंदी केली. कागदावर पाच आडव्या रेघा, प्रत्येकीवर फक्त दोन शब्द. विषय 'नवीन वर्ष' असेल तर : देवळात जाणं, ओसेची (सणाचं जेवण), शुभेच्छापत्रं, ओतोशिदामा (मुलांना द्यायचे पैसे), घराची साफसफाई. बस. बाकी तोंडाने. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, मग ते आपोआप यायला लागलं.

आणि वाक्यं लहान. मला मोठी वाक्यं वापरून हुशारी दाखवायची असायची, मग मध्येच अडकायचे.

तळ्याकाठी | १७ ऑक्टोबर

सायंतारा, तुझं मराठी सुरेख आहे. त्या पाच रेघा मी उद्यापासून माझ्या वर्गात वापरणार.

जुनी_वही | १७ ऑक्टोबर

जपानी बाईंच्या पर्यायाबद्दल. आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलासाठी एक मातृभाषक शिकवणी लावली होती, एका ऑनलाइन मंचावरून. बाई अतिशय प्रेमळ. पण तासातली पंचेचाळीस मिनिटं त्याच बोलायच्या, मुलगा 'हाय, हाय' (हो, हो) म्हणत मान डोलवायचा. तो चुकला तरी "जोओझु देसु ने", छान हं! त्यांच्याकडे चूक दाखवणं अवघड जातं असावं. 'गा' का आणि 'वा' का नाही असं विचारलं की म्हणायच्या, कानाला तसं लागतं. त्यांचं बरोबरच आहे, आपल्यालाही 'मी आंबा खाल्ला' मध्ये 'मीने' का नाही ते कुठे सांगता येतं? पण परीक्षेला त्याचा उपयोग झाला नाही. सहा महिन्यांनी बंद केली. पैसे गेले त्यापेक्षा मुलाला "मला छान येतं" असं वाटत राहिलं आणि मेमध्ये तो तोंडावर आपटला, याचं दुःख जास्त.

ओसरी | १७ ऑक्टोबर

जुनी_वही, असहमत. सगळ्या मातृभाषकांना एका मापाने मोजू नका. ऐकणं आणि बोलणं माणसाशी बोलूनच येतं. 'सोओ देसु ने', 'एएतो', 'नारुहोदो' हे मध्ये मध्ये टाकायचे हुंकार पुस्तकातून येत नाहीत. विचार करायला दोन सेकंद हवे असतील तर गप्प न बसता 'सोओ देसु ने...' म्हणून सुरुवात करायची, हे मला ओसाकातल्या भाजीवाल्याने शिकवलं. वीस सेकंदांच्या उत्तरात ते सोन्यासारखं आहे.

जुनी_वही | १८ ऑक्टोबर

मान्य. मग निदान शिकवणी कशासाठी आणि गप्पा कशासाठी हे वेगळं ठेवा, एवढंच म्हणेन.

दोरीवरचा_पतंग | १८ ऑक्टोबर

एक महत्त्वाची गोष्ट कुणीच लिहिली नाही : टंकलेखन. हाताने लिहिण्यात हुशार असलेली मुलं इथे मार खातात, कारण परीक्षेत सगळं कळफलकावर.

रोमन अक्षरांत टंकायचं, त्याचं काना (जपानी मुळाक्षरं) होतं, मग कळ दाबून योग्य कांजी निवडायची. दोन खड्डे सांगतो. पहिला 'न'चा. पुस्तकाचं दुकान म्हणजे 'होन-या'. यात 'एन' एकदाच दाबलात तर 'होन्या' असं निरर्थक अक्षर उमटतं, दोनदा दाबावा लागतो. तसंच 'किन-एन' म्हणजे धूम्रपानबंदी आणि 'किनेन' म्हणजे स्मरणार्थ. एका 'एन'ने अर्थ कुठच्या कुठे. दुसरा खड्डा समोच्चारी शब्दांचा. 'हाशी' टंकलं की पूलही येतो आणि जेवायच्या काड्याही. 'कामी' म्हणजे देव, कागद आणि केस. यादीत पहिली आली ती कांजी ठोकायची सवय लागली की "मी काड्यांनी जेवले" च्या जागी "मी पुलाने जेवले" होतं.

एपीची स्वतःची कांजींची यादी आहे, सुमारे ४१०. शाळांत बहुधा 'गेंकी' हे पुस्तक वापरतात, त्याच्या दोन भागांत ३१७ आहेत. म्हणजे शंभरेक कांजी बाहेरच्या करायच्या. पण हाताने गिरवत बसू नका. ओळखता आल्या आणि बरोबर निवडता आल्या की झालं.

लेखात 'देसु-मासु' हे नम्र रूप आणि साधं रूप यांची खिचडी करू नका. एक धरलं की शेवटपर्यंत तेच.

चिंचगुळ | १८ ऑक्टोबर

ज्यांच्या शाळेत जपानी नाहीच त्यांच्यासाठी : बाहेरचा विद्यार्थी म्हणून दुसऱ्या शाळेत बसता येतं, पण ती शाळा शोधायची आपणच. ही परीक्षा घेणाऱ्या शाळा कमी. नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असते, शुल्क शंभर डॉलरच्या आसपास. मी सप्टेंबरपासून अकरा शाळांना फोन केले, बाराव्या शाळेच्या एपी समन्वयक बाईंनी हो म्हटलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आजच फोन करा.

पाटीपेन्सिल | १९ ऑक्टोबर

भाषणाबद्दल एक सुचवू का? आधी मराठीत बोलायला लावा. 'जपानी सण' या विषयावर पाच मुद्दे मराठीतही सुचत नसतील तर अडचण जपानीची नाही. मात्सुरीतली (जपानी उत्सवातली) मिकोशी खांद्यावर घेऊन गल्लीतून नाचवत नेतात, ते बघून आपल्याला पालखी आठवते ना? तिथून मुलांना रस वाटायला लागतो. ओबोनला पूर्वज घरी येतात, आपल्याकडे पितृपक्ष. धागा सापडला की मुद्दा विसरत नाही.

हिरवी_मिरची | १९ ऑक्टोबर

हो, पण परीक्षेत भाषण जपानी संस्कृतीवरच ठेवायचं. गणपती लक्षात ठेवायला, सांगायला नाही. माझ्या मुलाने सरावात दीड मिनिट विसर्जन सांगितलं होतं. मनापासून आणि सुंदर सांगितलं, पण विचारलं होतं ते राहिलं.

कांदेपोहे | १९ ऑक्टोबर

पुण्यात सुट्टीला आलात तर लेकीला सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. आमच्या घरापासून चालत अंतरावर. पुलावर उभं राहून खालचे मासे दाखवत पाच मुद्दे बोलायला लावा. इथे 'हाशी' म्हणजे पूलच, खात्रीने. :)

मोगरीचा_वेल | २१ ऑक्टोबर

काय लिहू? एका आठवड्यात तुम्ही माझी काळजी अर्धी केलीत. सगळं लेकीला वाचून दाखवलं. 'योन्दे मिसेता'! सायंताराचा प्रतिसाद तिने स्वतः दोनदा वाचला.

शंकेखोर, तुमचा प्रश्न आमच्या घरातही होता, तिच्या बाबांचा. काल जेवताना त्यांनी विचारलं, "तुला हे कशाला हवंय?" ती म्हणाली, "मला तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचंय. आत्तापर्यंत तीच माझ्यासाठी इंग्रजी बोलत आली." बाबा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनीच पुण्याला पैसे पाठवले.

शंकेखोर_पाहुणा | २१ ऑक्टोबर

या उत्तरानंतर माझा आक्षेप मागे घेतो. मुलीला शुभेच्छा.

मोगरीचा_वेल | २८ जानेवारी २०२४

धागा वर काढतेय, कारण काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

पुण्याच्या सेन्सेईंना मी तळ्याकाठी ताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी आजवर असं मोजलं नाही. मला ते नमुने पाठवा, मी आठवडाभर ऐकते." आणि खरंच ऐकले. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतः गुण देऊन कॉलेज बोर्डाच्या गुणांशी ताडून पाहिले. तिथेच मी ठरवलं. आठवड्यात दोनदा पाऊण तास, त्यात तीस मिनिटं लेक बोलणार किंवा टंकणार. चूक तिथल्या तिथे थांबवत नाहीत, लिहून ठेवतात आणि शेवटी मराठीत समजावतात.

जपानी बाईंकडे मी पैसे घेऊन गेले तर त्यांनी ते घेतले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा इथल्या तिसरीत आहे, त्याच्या इंग्रजी गृहपाठाला मदत हवी होती. आता दर बुधवारी लेक त्याचा गृहपाठ घेते आणि नंतर अर्धा तास बाई तिच्याशी बोलतात. परीक्षेचं नावही काढायचं नाही. भाजी, हवा, शाळा, आजी कशी आहे. ओसरी आणि जुनी_वही, तुमच्या वादातून आम्हाला ही वाट मिळाली.

घरी माझं काम एकच : अंडी उकडायचं घड्याळ. मी पोळ्या लाटताना ती ओट्याशी उभी राहते, मी तिच्या वहीतला एक प्रश्न काढून देते आणि वीस सेकंद लावते. मला एक अक्षर कळत नाही. पण ती थांबली की कळतं. नोव्हेंबरात ती बाराव्या सेकंदाला बोलायला लागायची. काल घड्याळाची किल्ली सोडायच्या आत तिचं 'सोओ देसु ने' सुरू झालं आणि घंटा वाजली तरी ती बोलतच होती. माझी पोळी तव्यावर करपली.

तळ्याकाठी | २८ जानेवारी

त्या सेन्सेईंना माझा नमस्कार सांगा. वीस वर्षांनी स्वतःची पद्धत बदलणं सोपं नसतं.

दोरीवरचा_पतंग | २९ जानेवारी

ऐकण्यासाठी : काही उतारे एकदाच वाजतात, काही दोनदा. एकदाच ऐकून टिपण काढायची सवय आत्तापासून लावा. वाचायला एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या बातम्या रोज एक. कांजीवर काना लिहिलेलं असतं.

मोगरीचा_वेल | ९ जुलै २०२४

निकाल आला. चार.

आधी तिचंच म्हणणं लिहिते : "भाषण आणि संभाषण मस्त झालं, गप्पांतल्या एका संदेशात घाबरले." त्या संदेशाला कळफलक चुकून रोमनवर राहिला होता, ते लक्षात यायला एक मिनिट गेलं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात एकच वाक्य गेलं. पतंग दादा, तुम्ही खड्डे सांगितलेत, हा तिसरा त्यात घाला : प्रत्येक संदेशाआधी कोपऱ्यातलं चिन्ह बघायचं.

मला पाच हवे होते, खोटं कशाला बोलू. तिला चारही चालतात. निकालाच्या रात्री तिने नागोयाला व्हिडिओ फोन लावला. दार उघडं होतं. पन्नास मिनिटं आतून फक्त जपानी ऐकू येत होतं आणि मध्ये मध्ये दोघींचं हसणं. मैत्रिणीची आजी पण आली होती म्हणे फोनवर.

आणखी एक. तिने ४१० कांजींची कार्डं केली होती, एका बाजूला कांजी, दुसऱ्या बाजूला वाचन आणि मराठी अर्थ. सेन्सेईंच्या सांगण्यावरून 'हाशी'सारखे फसवे शब्द लाल शाईत. बुटांच्या खोक्यात नीट लावलेली आहेत. कुणाला हवी असतील तर सांगा.

कोकणकडा | ९ जुलै

अभिनंदन! आम्ही टोलेडोत असतो, तुमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. मुलगा आता दहावीत जाईल. शनिवारी घ्यायला आलो तर चालेल का?

मोगरीचा_वेल | ९ जुलै

जरूर या, मुलालाही आणा. लेक म्हणतेय, कार्डं देईन पण आधी वीस सेकंदांचे दोन प्रश्न विचारीन. पत्ता व्यनि केलाय.